पिवळ्या ठिपक्याचे दोन माइक

'दोघांनाही सारखंच' हे शब्द कुणी उच्चारले की माझं डोकं आजही सणकतं. बायको म्हणते, आता वय झालं, जरा शांत व्हा. होणार नाही. ज्या गोष्टीचा राग यायलाच पाहिजे तिचा राग यायचा थांबला, तर मी मेलोच म्हणायचा.

आमचं गाव केज तालुक्यातलं. बाजार युसूफ वडगावचा, तिथंच बाजारतळाच्या कडेला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ गेले, टीव्हीचे जाडजूड डबे गेले. आता मिक्सर येतात, पंखे येतात, पंपाचे स्टार्टर येतात. पण गावात मला ओळखतात ते सप्त्याचा मिस्त्री म्हणून. हनुमान जयंतीला आमच्या मारुतीच्या देवळापुढं मांडव पडतो, अखंड हरिनाम सप्ता बसतो, आणि त्याचा माइक आमच्या घरचा. आधी अब्बांचा होता, मग माझा. पैसे ना अब्बांनी घेतले, ना मी. मांडवाच्या डाव्या खांबाला ॲम्प्लिफायर, शेजारी सतरंजीची घडी, त्या घडीवर मी. पखवाज किती वर घ्यायचा, टाळांचा कलकलाट किती दाबायचा, बुवांचा घसा बसला तर त्यांच्या आवाजाला खालून कसा आधार द्यायचा, हे माझ्या बोटांना पाठ होतं. पंगतीच्या वेळी कुणीतरी ओरडायचंच, "आरं मिस्त्री कुठं हाय? मिस्त्री बसल्याबिगर वाढू नका!" ती जागा मला दुकानापेक्षा प्यारी होती. ती गेली, आणि कशी गेली ते आठवलं की माझा तोल जातो.

देऊळ आणि मशीद यांच्यात आमच्याकडं एकच गल्ली आहे. पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडचे भोंगे वाजतात. अजानीच्या वेळी टाळ जरा हळू होतात, आणि कीर्तनाला बुवांनी गजर धरला की आमची पोरं मशिदीच्या पायरीवर बसून ताल धरतात. दोन्हीकडच्या वायरी मीच ओढलेल्या. कुरबुरी व्हायच्या, नाही असं नाही, पण त्या वायरीवरून कधी झाल्या नव्हत्या.

मग आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला दानाची सुरसुरी आली. निवडणूक तोंडावर होती, हे वेगळं सांगायला नको. ग्रामपंचायतीपुढं खुर्च्या मांडल्या, हार झाले, आणि देवळाला एक, मशिदीला एक असे दोन बिनवायरीचे माइक देण्यात आले. माइक देतानाचं त्यांचं भाषण मला तोंडपाठ आहे.

"दुकानदारानं एक हिरव्या ठिपक्याचा अन् एक लाल ठिपक्याचा असे माइक दिलते. मांजरसुंब्याला चहाला थांबलो, खोकी उघडली, अन् म्या डोक्याला हात लावला. म्हणलं, हिरवा कुणाला द्यायचा अन् लाल कुणाला? उद्या लोक काय म्हणतील? तसाच गाडी फिरवून माघारी बीडला गेलो. दोन्ही पिवळ्या ठिपक्याचे आणले. आपल्या गावात रंगाचं राजकारण नको. दोघांनाही सारखंच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. मला वाटलं, हा माणूस मतांसाठी का होईना, चांगलं बोलला. ठिपका म्हणजे दुकानदारानं चिकटवलेला कागद असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. खोकी माझ्या हातात दुसऱ्या दिवशी आली, आणि आत बघितल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या ठिपक्याचा अर्थ काय होता, हे समजायला फार शिकावं लागत नाही. अशा स्वस्त माइकच्या पोटात तांब्याच्या तारेचं एक छोटं वेटोळं असतं, ज्याला आम्ही कॉइल म्हणतो, आणि त्याला जोडलेला एक कंडेन्सर असतो. कंडेन्सर वीज साठवतो. साठलेली वीज कॉइलमधून पळते, पण कॉइलला पळती वीज एकदम थांबलेली चालत नाही. ती तिला पुढं रेटते आणि कंडेन्सर उलट्या बाजूनं भरतो. मग तिथून पुन्हा माघारी. अशी ती वीज दोघांच्या मध्ये झोके घेत राहते. पंचमीला लिंबाला बांधलेल्या झोक्याची जशी आपली एक लय असते, दोर लांब असला तर संथ आणि आखूड असला तर झटपट, तशी या जोडीचीही एकच लय असते. कॉइलचे वेढे किती आणि कंडेन्सर केवढा, यावर ती ठरते. माइकमधली जोडी त्या लयीनं हवेत लहर सोडते. भोंग्याजवळ ठेवलेल्या डब्यात, म्हणजे रिसीव्हरमध्ये, तशीच दुसरी जोडी असते. हवेत हजार लहरी येत-जात असतात. त्यातल्या ज्या लहरीचा धक्का बरोबर तिच्या लयीत बसतो, तिच्यावरच ही जोडी झोका घेते. बाकीच्या लहरींचे धक्के अवेळी पडतात आणि जिरून जातात. आख्खा रेडिओ, टीव्ही, मोबाइल, सगळं याच एका युक्तीवर उभं आहे.

हिरवा ठिपका म्हणजे एक लय, लाल ठिपका म्हणजे दुसरी. शेजारीशेजारी दोन माइक चालवायचे असतील तर ठिपके वेगळे पाहिजेत, म्हणूनच त्या दुकानदारानं वेगळे दिले होते. त्यानं धंद्याचं इमान राखलं. आमच्या पुढाऱ्यानं मांजरसुंब्याहून गाडी फिरवून ते मातीत घातलं.

मी लगेच सप्ता कमिटीच्या अध्यक्षाला गाठलं. तो माझा वर्गमित्र. बारावीपर्यंत एका बाकावर बसलो आम्ही. त्याच्या घरची जमीन नदीकाठची, बागायती, आणि तो आता पुढाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसणारा माणूस. त्याला म्हटलं, "हे दोन्ही एकाच लहरीचे हायत बे. सप्त्यात घोटाळा व्हईल. जुना वायरचा माइकच राहू दे."

तो म्हणाला, "साहेबानं दिलेला माइक सप्त्यात दिसला पायजे. त्ये स्वतः येणार हायत. तू कायतरी ॲडजस्ट कर."

मशिदीतही तेच. तिथल्या मुतवल्लींना, म्हणजे मशिदीचं सगळं बघणाऱ्या आमच्या बुजुर्गांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लोकांना वाटंल, देवळानं वापरला अन् आमी पेटीत ठेवला. नाराज व्हत्यात लोक."

आणि जे व्हायचं तेच झालं. सप्ता नुकताच बसला होता. दिवस मावळताना हरिपाठ चालू होता. एका अभंगाचा शेवट झाला, म्हणणाऱ्यानं दुसऱ्याच्या हातात माइक देताना सवयीनं बटण बंद केलं, सेल वाचावा म्हणून. तोवर आमचा रिसीव्हर जवळचा दणदणीत माइक ऐकत होता. तो गप्प झाल्यावर त्याच लयीतली गल्लीपलीकडची लहर त्याला ऐकू आली. त्याला काय कळतंय देऊळ आणि मशीद? देवळाच्या सगळ्या भोंग्यांतून अजान सुरू झाली. स्पष्ट, खणखणीत. टाळकरी हात वर तसेच धरून उभे राहिले. मी झडप घालून रिसीव्हरची वायर उपटली. थोड्या वेळानं अजान संपली, अजान देणाऱ्या मुअज्जिननं आपला माइक बंद केला, तोवर इकडं टाळकऱ्यांनी माइक चालू करून पुन्हा गजर धरला होता, आणि मशिदीच्या भोंग्यातून 'रामकृष्ण हरी' गावभर गेलं.

हसण्यासारखी गोष्ट आहे. मला आजही वाटतं, त्या वेळी एखादा म्हातारा जरी मोठ्यानं हसला असता तरी सगळं गाव हसलं असतं. कुणी हसलं नाही. गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणसं जमली. "मुद्दाम केलं", "डाव हाय", असे शब्द निघाले. आणि मग कुणीतरी म्हणालं, "दोन्हीकडची वायरिंग कुणाची हाय?" सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली. देवळाची कमिटी एका बाजूला, मशिदीची माणसं दुसऱ्या बाजूला. मी दोन्ही माइक आणि दोन्ही डबे मध्ये सतरंजीवर मांडले, देवळाच्या डब्याचं झाकण काढलं आणि कॉइल दाखवली. झोक्याचं उदाहरण दिलं. लोकांना पटलं, हे मी छातीठोकपणे सांगतो. एक शेतकरी तर म्हणाला, "म्हंजी दोन घरच्या गायींला एकच हाक लावल्यावाणी झालं की." मला त्याची पाठ थोपटावीशी वाटली. उपायही मी सांगितला. कॉइलच्या मधोमध एक बारीक काळा खिळा असतो, आट्यांचा. तो थोडा फिरवला की लय बदलते. एका माइकचा आणि त्याच्या डब्याचा खिळा जरा फिरवायचा, की दोघांची वाट वेगळी. लोखंडी पेचकस चालत नाही, कारण लोखंड कॉइलजवळ गेलं तरी लय बिघडते. म्हणून मी बायकोच्या विणायच्या प्लॅस्टिकच्या सुईचं टोक घासून सपाट करून ठेवलं आहे. ती सुई मी खिशातून काढली आणि म्हणालो, "सांगा, कुणाचा फिरवू?"

तिथं घोड्यानं पेंड खाल्ली.

"आमचा कावून?" देवळाकडचा एक जण म्हणाला. "सप्ता आमचा चालूय. आमच्या देवासाठी दिलेली वस्तू आमी हलवायची?"

"मग आमचा कावून?" मशिदीकडचा एक तरणा उठला. "दर टायमाला आमीच सरकायचं का?"

आटा. फक्त आट्याचा प्रश्न होता. नखाएवढा खिळा, तो कुणी फिरवायचा यावर शहाणीसुरती, नातवंडं असलेली माणसं कमरेला हात लावून उभी राहिली. मी म्हटलं, दोन्ही फिरवतो. एक इकडं, एक तिकडं. तेही नको. आधी कुणाचा, म्हणे! माझ्या तोंडात अशा शिव्या आल्या की इथं सांगण्यासारख्या नाहीत.

तेवढ्यात पुढाऱ्याची गाडी आली. त्यांना कुणीतरी फोन केलेला असणार. ते खुर्चीत टेकले, सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हंजी म्या आणलेला माल खराब हाय, असं म्हणनं हाय का तुझं?"

"माल चांगला हाय, साहेब. दोन्ही एकाच लहरीचे आलेत, एवढंच."

"सारखेच आणलेत म्या. मुद्दाम आणलेत."

"त्याच्यानंच झालंय, साहेब. तो ठिपका रंगाचा नव्हता, लहरीचा होता."

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्यांना समजलंय. माणूस हुशार आहे, मूर्ख असता तर मला इतका राग आला नसता. पण त्यांनी त्या दिवशी टाळ्या घेतल्या होत्या त्या याच ठिपक्यावर, त्या आता परत कशा करणार? ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही सारखे असल्यावर भांडण व्हायला नको. मधी कुणी हात घातल्याबिगर असं व्हत न्हाई. बघा तुमी लोक."

आणि उठून गेले. गाडीचं दार लागायच्या आत 'मिस्त्रीनंच केलं' हे ठरूनही गेलं होतं.

मी माझ्या मित्राकडं बघितलं. अध्यक्षाकडं. बारावीत हेच प्रकरण आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. प्रयोगशाळेत कॉइल, कंडेन्सर आणि मीटर जोडून, लय जुळली की काटा कसा उसळतो ते बघितलं होतं. त्याच्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर आम्ही जुन्या रेडिओच्या सामानातून एक रेडिओ बनवला होता, आणि त्यातून पहिला आवाज आला तेव्हा यानं मला उचलून गरागरा फिरवलं होतं. या गावात मी काय बोलतोय ते शब्दाशब्दानं कळणारा तो एकटा होता. त्यानं चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला आणि मान वर केली नाही.

घरी आलो तर बायको म्हणाली, "दोन्हीकडचे पायजे तवा तुमचे, अन् काय बिनसलं की तुमी कुणाचेच न्हाई. कावून जाता मरायला?" मला फक्त सप्ता नीट पार पाडायचा होता, आणि त्या खांबापाशी बसायचं होतं.

मी मुतवल्लींकडं गेलो. हे भांडण काल्यापर्यंत चाललं तर डोकी फुटतील, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आपला फिरव. लहर सरकली म्हणून नमाज थोडीच सरकती? पण बाबा, लोक म्हणतील, चूक यांचीच होती म्हणून यांनी फिरवला."

"म्हणू देत," मी म्हणालो. मला वाटलं होतं, एवढे मूर्ख लोक नाहीत.

त्याच दुपारी पारावर, सगळ्यांदेखत, मशिदीचा माइक उघडला. सुईच्या टोकानं माइकमधला खिळा हळूच फिरवला, मग डब्यातला त्याच्या लयीला आणला. जुळला की भोंग्यातली खरखर एकदम निवते, तशी ती निवली. दोन्ही माइक एकदम चालू करून दाखवले, बंद करून दाखवले. यातलं त्यात नाही, त्यातलं यात नाही. संध्याकाळी हरिपाठ चोख झाला. अजानही चोख झाली. मी खांबापाशी बसून दोन्ही ऐकल्या आणि मला खरोखर वाटलं, संपलं.

काल्याच्या पंगतीत मित्र स्वतः वाढायला आला. माझ्या पत्रावळीवर लाडू ठेवला, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "बरं केलंस बे. कबूल करून टाकलंस ते बरं केलंस. कमिटीनं तुला माफ केलंय."

घास माझ्या हातातच राहिला. "काय कबूल केलं म्या?"

"आरं, तुमचा माइक दुरुस्त केलास न्हवं? मग झालं तर. आता ओढू नको."

"दुरुस्त? त्यात बिघाड होता का? तुला ठाऊक न्हाई व्हय रं? संगं रेडिओ बनवलता आपण. तुला सगळं ठाऊक हाय!"

त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "हाय ठाऊक. मग? साहेबाची चूक हाय म्हणून गावात सांगत फिरू का?"

मला खोटं बोलणाऱ्याची इतकी चीड येत नाही. अडाण्याचीही येत नाही. पण ज्याला सगळं कळतं, ज्यानं आपल्याबरोबर तो काटा उसळताना बघितला, त्यानं लाडू वाढत माफी द्यावी! मी पत्रावळ उचलली नाही, दुमडलीही नाही. भरल्या पंगतीतून उठलो. आमच्यात आणि त्यांच्यातही अन्नावरून असं उठणं वाईट समजतात. समजोत.

पुढच्या वर्षी कमिटी घरी आली, नारळ घेऊन. अध्यक्ष पुढं होता. म्हणाला, "झालं गेलं आमी विसरलो. मांडव पडलाय, चल."

मी विचारलं, "काय विसरलात तुमी?"

अध्यक्षानं नारळ या हातातून त्या हातात घेतला. मी म्हटलं, "येतो. आत्ता येतो. पण आधी एक करा. मांडवात माइक चालू करून तू एवढंच बोल: दोन्ही सेट एकाच लहरीचे आले होते, मिस्त्रीनं काय केलं नव्हतं. एवढं एकच. बुवा येण्याआधी बोल, रिकाम्या मांडवात बोल, माझी हरकत न्हाई."

"आरं, एवढंच ना," तो हसून म्हणाला. मग थांबला. "पण साहेब येणार हायत रे उद्घाटनाला. त्यांच्या कानावर गेलं तर..."

"मग साहेबालाच बसव खांबापाशी."

नारळ परत घेऊन ते गेले. नेकनूरकडचा कुणी साउंडवाला आणला. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला आणि भोंग्यातून शिट्टी निघाली, लांबलचक, कान फाडणारी. त्या पोराला आमच्या मांडवाचा अंदाज नव्हता. माइक भोंग्यापुढं आला होता, त्याला दोन हात मागं सरकवायचं होतं आणि वरचा स्वर जरा उतरवायचा होता. मी आमच्या घरच्या अंगणात उभा होतो. टाळ थांबले. मग माइकवर माझ्या मित्राचा आवाज आला, "हॅलो... हॅलो..." त्याला बोलता येत होतं, सगळ्या गावाला ऐकू जात होतं, आणि तो हॅलोच्या पुढं गेला नाही. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देऊळ चाळीस-पन्नास पावलांवर आहे. मी गेलो नाही.